लता–किशोर यांच्या युगुलगीतांची क्रमवारी: कोणते गाणे कुठे आणि का

इंदूरच्या एका मराठी मंडळासाठी लता मंगेशकर आणि किशोरकुमार यांच्या युगुलगीतांची संध्याकाळ बसवणाऱ्या एका तरुण गायिकेने तीन गोष्टी विचारल्या आहेत. या दोघांच्या गाण्यांची गुणानुक्रमे यादी केली तर पहिले गाणे कोणते, ती यादी कोणत्या कसोटीवर करावी, आणि कार्यक्रमातही तोच क्रम ठेवावा काय? सुगम संगीत शिकवणे, वाद्यवृंदाबरोबर युगुलगीते बसवून घेणे आणि लताबाईंच्या ओळी स्वतः मंचावर गाणे यातच माझी बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे हे उत्तर मी थोडे सविस्तर देते.

आधी कसोटी ठरवू. गाण्याची लोकप्रियता, चालीची गोडी, शब्दांची प्रत आणि पडद्यावरची जोडी या चार गोष्टी आपल्या मनात इतक्या एकजीव झालेल्या असतात की यादी करताना आपण नेमके कशाला गुण देत आहोत हेच कळेनासे होते. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक परीक्षा करायला सांगते. युगुलगीत घ्यावे, दोघांच्याही ओळी एकानेच गाव्यात, आणि काय उरते ते पाहावे. गाणे तसेच्या तसे उभे राहिले तर ते कितीही मधुर असो, युगुलगीत म्हणून त्याचे स्थान खाली जाते. ते लंगडे पडले, ओळींचा अर्थच लागेनासा झाला, तर त्यात दोन माणसे खरोखर एकमेकांशी बोलत होती असे समजावे. याला जोडून मी आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकते: समोर दुसरा आवाज आहे म्हणून या गायकाने आपल्या नेहमीच्या गाण्यात काही बदल केला आहे काय? लताबाई आणि किशोरकुमार यांच्या बाबतीत हा बदल ऐकण्यासारखा आहे, कारण दोघांची मूळ घडण अगदी वेगळी होती.

दोघांचा जन्म १९२९ सालचा. किशोरकुमार ४ ऑगस्टला खंडव्याला जन्मले आणि लताबाई २८ सप्टेंबरला आपल्या इंदुरात. किशोरकुमार पुढे इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले, आणि मध्य प्रदेश शासनाने लताबाईंच्या नावाने सुरू केलेला सन्मान आरंभीच्या वर्षांतच किशोरकुमारांना मिळाला. त्यामुळे इंदूरकरांना हे दोघेही घरचे वाटतात ते योग्यच आहे. लताबाईंच्या पाठीशी वडील मास्टर दीनानाथांची तालीम होती आणि नंतर मुंबईत अमानअली खाँ भेंडीबाजारवाले यांच्यासारख्या उस्तादांकडचे शिक्षण. किशोरकुमारांनी रीतसर गाणे शिकलेले नव्हते. ते गायक-नट कुंदनलाल सैगल यांना गुरुस्थानी मानून, त्यांच्यासारखे गाण्याचा प्रयत्न करत गायक झाले. लताबाईंचा स्वर जिथे लागायचा तिथे नेमका लागे आणि शब्दाच्या कडाही तशाच नेमक्या राहत. किशोरकुमार शब्द किंचित मागे ओढत, मध्येच बोलल्यासारखे म्हणत, स्वरात हवा सोडत. अशी दोन माणसे एकत्र गाऊ लागली की एकाने दुसऱ्याकडे थोडे सरकावेच लागते, आणि कोण किती सरकले यावर माझी सगळी क्रमवारी उभी आहे.

पट्टीविषयीही, म्हणजे कोणता स्वर 'सा' धरून गायचे याविषयीही, येथेच सांगते, कारण तुम्हाला तालमीत पहिली अडचण तिचीच येणार आहे. पुरुष आणि स्त्री यांच्या सोयीच्या षड्जात, म्हणजे 'सा'मध्ये, साधारण मध्यम-पंचमाइतके (चार-पाच स्वरांचे) अंतर असते आणि गाणे मात्र बहुधा एकाच पट्टीत बांधावे लागते. मग संगीतकार मधली वाट काढतो. पुरुषाला थोडे वर नेतो, स्त्रीला थोडे खाली आणतो, किंवा दोघांच्या ओळी चालीच्या वेगवेगळ्या भागांत ठेवतो. यामुळे लताबाईंच्या एकल गाण्यांत वरच्या सप्तकाचा जो झळाळ आपल्याला भारून टाकतो तो युगुलगीतांत काहीसा मागे राहतो आणि त्यांचा मध्य सप्तकातला, बोलण्याच्या जवळ जाणारा आवाज अधिक ऐकू येतो. मला तो फार मोलाचा वाटतो.

या दोघांचे पहिले युगुलगीत १९४८ च्या 'जिद्दी' चित्रपटातले 'ये कौन आया रे' हे आहे. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. इतिहास म्हणून ते आवर्जून ऐकावे, परंतु दोघेही तेव्हा आपला आवाज शोधत होते, म्हणून मी ते क्रमवारीत धरत नाही. पन्नासच्या दशकात सचिनदेव बर्मन आणि लताबाई यांच्यात काही वर्षे दुरावा होता, आणि त्या काळात 'पेइंग गेस्ट', 'नौ दो ग्यारह', 'चलती का नाम गाडी' या चित्रपटांत किशोरकुमारांच्या बरोबरीचा आवाज आशाताईंचा आहे. चित्रगुप्त यांच्या 'गंगा की लहरें' (१९६४) मधले 'मचलती हुई हवा में' यासारखे एखादे सुंदर गाणे मध्येच भेटते. पण लता–किशोर या जोडीचा खरा काळ १९६५ नंतरचा, आणि त्यातही १९६९ ते १९८१ हा.

'गाईड' (१९६५) मधल्या 'गाता रहे मेरा दिल' या गाण्याविषयी आधीच बोलून घेते, कारण बहुतेक याद्यांत ते सर्वांत वर असते आणि माझ्या यादीत ते पहिल्या पाचांतही नाही. गाणे म्हणून ते अप्रतिम आहे. शैलेंद्र यांचे शब्द, सचिनदेवांची मोकळी, हसरी चाल, आणि किशोरकुमारांच्या आवाजातला तो उघड्या आभाळाचा आनंद यांना मी काहीही कमी लेखत नाही. पण वर सांगितलेली परीक्षा करून पाहा. लताबाईंच्या वाट्याला फार थोड्या ओळी आहेत, आणि त्या किशोरकुमारांनीच गायल्या तरी गाणे मोडत नाही. ते एका पुरुषाचे आनंदगीत आहे आणि त्यात एक स्त्री गोड साथ देते. म्हणून मी त्याला दहाव्या क्रमांकाच्या आसपास ठेवते, आणि मैफलीत मात्र अगदी सुरुवातीला घेते.

माझ्या मते पहिला क्रमांक 'घर' (१९७८) मधल्या 'आप की आँखों में कुछ' या गाण्याचा आहे. शब्द गुलजार यांचे, संगीत राहुलदेव बर्मन यांचे. गाण्याची रचना पाहा. किशोरकुमार मुखडा गातात, त्यात प्रियेच्या डोळ्यांची स्तुती आहे; पहिल्या अंतऱ्यातही स्तुतीच चालू राहते. लताबाई दुसऱ्या अंतऱ्यात उत्तर देतात, आणि ते उत्तर लाजण्याचे नाही. उगाच स्तुती करण्याची तुम्हाला सवय तर नाही ना, अशी ती शंका आहे. आता हे गाणे एकट्याने गाऊन पाहा. स्तुतीही त्याच गळ्यातून आणि त्या स्तुतीवरचा संशयही त्याच गळ्यातून आला की सगळा अर्थ विरून जातो. दोन माणसांवाचून हे गाणे होऊच शकत नाही.

गाण्याची पद्धतही या संवादाला धरून आहे. किशोरकुमारांचा आवाज येथे खालचा, जवळून बोलल्यासारखा, कुठेही पल्ला न दाखवणारा आहे. 'मेरे सपनों की रानी' गाणारा हाच गळा आहे हे ध्यानात घेतले की त्यांनी येथे किती आवरून घेतले आहे ते कळते. लताबाईंनी याच्या उलट स्वतःला थोडे सैल सोडले आहे. 'बदमाशियों' या शब्दाच्या ठिकाणी त्यांचे हलके हसू ध्वनिमुद्रणात ऐकू येते, आणि ते हसू सुरातच आहे. त्यामुळे ओळ तुटत नाही. नेमकेपणाचा आग्रह धरणारी गायिका मोकळी झाली आहे आणि मोकळेपणानेच ओळखला जाणारा गायक संयमाने गातो आहे. दोघेही आपापल्या घरातून निघून मध्यावर भेटले आहेत. असे भेटणे या जोडीच्या दुसऱ्या कोणत्याही गाण्यात मला इतके पूर्ण दिसत नाही.

येथे मंचावर होणारी एक गोष्ट मला मनापासून खटकते. अनेक गायिका त्या हसण्याची नक्कल करतात, ते मोठे करतात, श्रोते टाळ्या देतात, आणि गाण्याचा जीव जातो. हसू पाठ करू नका. सहगायकाच्या ओळी तालमीत इतक्या लक्ष देऊन ऐका की त्या शब्दाशी आल्यावर हसू आले तर येईल. न आले तर ओळ सरळ, स्वच्छ गा. तीही सुंदरच आहे.

दुसऱ्या क्रमांकावर 'अभिमान' (१९७३) मधले 'तेरे मेरे मिलन की ये रैना'. सचिनदेव बर्मन यांनी रवींद्रनाथांच्या 'जोदी तारे नाइ चिनि गो' या गीताच्या सुरावटीतून ही चाल उभी केली आणि मजरूह सुलतानपुरी यांनी तिच्यावर शब्द लिहिले. चित्रपटाची कथाच गायक नवराबायकोची आहे, आणि बायको अधिक चांगली गाते हे सहन न झाल्याने तुटलेला संसार या गाण्यात सांधला जातो. तिने गाणेच काय, बोलणेही सोडलेले आहे. तो आधी एकटा गातो आणि मग ती त्याच्या सुरात सूर मिळवते. म्हणजे येथे दुसऱ्या आवाजाचे येणे हीच घटना आहे. लताबाईंनी ती ज्या तोलाने गायली आहे तो तोल मला अजूनही शिकवता येत नाही, फक्त दाखवता येतो: आवाज पूर्ण सुरात आहे, आणि तरी तो बरेच दिवस न गायलेल्या माणसाचा वाटतो. 'देखो ना' हे दोन छोटे शब्द दोघांनी कसे म्हटले आहेत ते वेगळे काढून ऐका. तो ते विनवणीसारखे म्हणतो; ती कसे म्हणते ते तुम्हीच ताडून पाहा.

याच चित्रपटात त्याच नायकासाठी महंमद रफी यांनी लताबाईंबरोबर 'तेरी बिंदिया रे' गायले आहे, आणि 'आराधना' (१९६९) मध्ये एकीकडे रफी–लता यांचे 'बागों में बहार है' आहे तर दुसरीकडे किशोर–लता यांचे 'कोरा कागज था ये मन मेरा'. संगीतकार तोच, गायिका तीच, चित्रपटही तोच. अभ्यासाला याहून चांगली सामग्री मिळणार नाही. रफी यांच्याबरोबर लताबाई बरोबरीच्या नजाकतीने गातात: त्यांची मुरकी (स्वरांची झटकन घेतलेली छोटी गुंफण), हिची मुरकी, त्यांचे ठहरणे, हिचे ठहरणे. किशोरकुमारांबरोबर त्या अलंकार कमी करतात आणि शब्दाला पुढे येऊ देतात. रफी–लता यांची गाणी कमी प्रतीची आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. कित्येक बाबतींत ती वरची आहेत. पण सोबतीप्रमाणे गायकी कशी बदलते हे येथे स्पष्ट ऐकू येते. 'कोरा कागज'ला मी पाचवे स्थान देते. किशोरकुमारांच्या गुणगुणण्याने होणारी सुरुवात, त्यांच्या अंतऱ्यातली स्वप्न मोडण्याची भीती आणि तिच्या अंतऱ्यातली जागरणाची तक्रार हे सगळे मनोहर आहे, फक्त दोघे आपापले मन सांगतात आणि एकमेकांना उत्तर देत नाहीत.

तिसऱ्या क्रमांकावर मी 'आन मिलो सजना' (१९७०) मधले 'अच्छा तो हम चलते हैं' ठेवते, आणि यावर अनेक जाणकार माझ्याशी भांडतात. आनंद बक्षी यांचे शब्द अगदी रोजच्या बोलण्यातले आहेत आणि लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांची चालही साधी वाटते. पण संपूर्ण मुखडा छोट्या प्रश्नोत्तरांचा आहे. निरोप, पुन्हा भेटीचा प्रश्न, त्यावर लगेच उत्तर, पुन्हा प्रश्न. एकाची ओळ संपते तिथेच दुसऱ्याची उचल आहे. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीचा हात क्षणभर सैल पडला तरी दुसरीला जाते जड होते, तसे या गाण्यात होते. एकाने निमिषभर उशीर केला की दुसऱ्याचा प्रश्न हवेत राहतो. त्या काळी बहुतेक युगुलगीते दोघे गायक वाद्यवृंदासह एकत्र उभे राहून गात, आणि हे गाणे त्या पद्धतीचे फळ आहे असे मला वाटते. वेगवेगळ्या दिवशी आपापल्या ओळी म्हणून नंतर जोडल्या तर ही उचल येणार नाही.

चौथे 'आँधी' (१९७५) मधले 'तेरे बिना जिंदगी से'. गुलजार आणि राहुलदेव ही 'घर'चीच जोडी. राहुलदेवांनी ही चाल आधी बंगालीत केली होती. पुष्कळ लोक याला पहिले स्थान देतील आणि केवळ कविता व चाल पाहिली तर मीही देईन. पण गाणे मुख्यतः लताबाईंचे आहे. किशोरकुमार उशिरा येतात, आणि चित्रपटात मधले संवाद जे नाते उभे करतात ते गायनातून अर्धेच उभे राहते. दुरावलेल्या नवराबायकोचे हे गाणे असल्यामुळे आवाजही दूर दूर राहणेच उचित आहे, हे मला मान्य आहे. चौथ्या क्रमांकाहून खाली ते जाऊ शकत नाही ते याच कारणाने. याच चित्रपटातले 'इस मोड से जाते हैं' मी सहावे ठेवते. त्यात यमन रागाची छाया आहे, ओळी लांब आहेत, आणि श्वासाची तयारी नसलेल्या गायकांनी ते मंचावर घेऊ नये.

यापुढची गाणी थोडक्यात. 'रामपूर का लक्ष्मण' (१९७२) मधले 'गुम है किसी के प्यार में' सातवे: नाव लिहिता न येण्याची ती अडचण दोघांनी किती हळुवार गायली आहे! 'अजनबी' (१९७४) मधले 'भीगी भीगी रातों में' आठवे. राहुलदेवांच्या ठेक्यामुळे ते लक्षात राहते. नववे 'सिलसिला' (१९८१) मधले 'देखा एक ख्वाब'. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया या दोन वादकांची ही रचना आणि गीतकार म्हणून जावेद अख्तर यांचा तो पहिला चित्रपट. चाल प्रशस्त आहे, पण आवाज पाळीपाळीने येतात, एकमेकांत मिसळत नाहीत. 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८) मधले 'सलाम-ए-इश्क' मंचावर हमखास रंगते. किशोरकुमार त्यात बऱ्याच उशिरा येऊन कहाणी पुढे नेतात, आणि त्यामुळे ती दोन एकल गाणी जोडल्यासारखी वाटतात. १९८१ नंतरच्या गाण्यांपैकी 'सौतन' (१९८३) मधले 'शायद मेरी शादी का खयाल' लोकाग्रहास्तव घ्यायला हरकत नाही.

एक गाणे मी यादीबाहेर ठेवते आणि तरी त्याचा अभ्यास करायला सांगते. 'मेहबूबा' (१९७६) मधले 'मेरे नैना सावन भादों' दोघांनी वेगवेगळे गायले आहे, म्हणून ते युगुलगीत नव्हे. चाल शिवरंजनीतली. शिकलेली गायिका आणि न शिकलेला गायक एकाच रागातली एकच चाल कशी हाताळतात ते लागोपाठ ऐकले म्हणजे दोघे एकत्र आल्यावर प्रत्येकाने काय सोडले आणि काय घेतले ते आपोआप उमगते.

आता तुमच्या कार्यक्रमाचे. गुणानुक्रम आणि मैफलीचा क्रम एक ठेवू नका. 'गाता रहे' ने सुरुवात करा. सहगायकाचा गळा मोकळा होईल आणि तुमच्या गळ्यावर भार येणार नाही. 'आप की आँखों में' पूर्वार्धाच्या मध्यावर घ्या, कारण ते गळा तापल्यावर पण थकण्याच्या आधी गायचे गाणे आहे. 'तेरे बिना' मध्यंतरानंतर लगेच नको, श्रोते अजून चहाचे कप ठेवून जागेवर येत असतात. दोन गाणी मध्ये जाऊ द्या. 'अच्छा तो हम चलते हैं' शब्दांमुळे सगळे जण शेवटी ठेवतात. ते करू नका. त्याला ताजा श्वास आणि तल्लख लक्ष लागते आणि तीन तासांनंतर दोन्ही उरत नाही. शेवट 'तेरे मेरे मिलन' ने करा, त्याची संथ लय थकलेल्या गळ्यालाही पेलते.

पट्टी ठरवताना घाई नको. लताबाईंची मूळ पट्टी जड वाटते म्हणून गायिका दोन स्वर खाली मागते आणि वादकही चटकन तयार होतात, पण मग 'आप की आँखों में' मधले किशोरकुमारांचे खालचे स्वर बहुतेक पुरुषांच्या गळ्यात राहतच नाहीत, नुसती हवा ऐकू येते. दोघांनी तंबोऱ्यावर बसून आपापली सर्वांत खालची आणि सर्वांत वरची ओळ म्हणून पाहावी आणि मगच वाद्यवृंदाला पट्टी सांगावी. अर्ध्या स्वराच्या वर सहसा हलवावे लागत नाही. तालमीत एकदा ओळी अदलाबदल करून गा, म्हणजे दुसऱ्याचा श्वास कुठे संपतो ते कळेल. आणि रवींद्र नाट्यगृहासारख्या मोठ्या सभागृहात गाणार असाल तर ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यास आधीच सांगा की तुमच्या समोरच्या मॉनिटरमध्ये (गायकाला ऐकू येण्यासाठी मंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये) वाद्यांपेक्षा सहगायकाचा आवाज मोठा हवा आणि त्याच्या मॉनिटरमध्ये तुमचा.